अनंता तांडेलचं ‘पारंपरिक’ गाणं

अनंता भिकाजी तांडेल याने आपली पहिली इलेक्ट्रिक गिटार बापाच्या होडीच्या फळीतून कापली, हे ऐकून पार्ल्याच्या मंडळींना फार गहिवरून यायचं. दर्याचं लाकूड, कोळ्याचा मुलगा, केवढी ती मातीशी नाळ, वगैरे. खरी गोष्ट अशी की भिकाजी तांडेलाने ती सागाची फळी होडीच्या डागडुजीसाठी जपून ठेवली होती आणि पोराने ती न विचारता कापली म्हणून त्याला वल्ह्याने बडवला होता. त्या भागाचा गहिवर कुणाला आलेला ऐकिवात नाही.

साल चौसष्ट. अनंता तेव्हा एकोणीस वर्षांचा. माहुलच्या कोळीवाड्यात घर आणि चेंबूर नाक्यावर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नोकरी. दुरुस्त झालेला रेडिओ तपासायला मालक भावगीतं लावायचा. मालक जेवायला गेला की अनंता काटा शॉर्टवेव्हवर न्यायचा आणि खरखरीतून विलायती गिटारी शोधायचा. शब्द एक कळत नव्हता. पण ती गिटार अशी भांडायची की याला वाटलं, हे वाद्य आपल्या गावचं आहे. आवाज ओढायला म्हणून त्याने भंगारातल्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली कॉइल काढून तारांखाली बसवली आणि दुकानातल्या एका मोठ्या रेडिओला जोडली. पहिला सूर निघाला तेव्हा शेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालाला कापलं. कलेचा प्रभाव म्हणतात तो हा.

माहुलला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला तेल कंपनीची भिंत. भिंत आली तेव्हा अनंता दहा वर्षांचा होता. भिंतीपलीकडे उंच चिमणी, चिमणीच्या टोकाला रात्रंदिवस आग. मग हळूहळू खाडीच्या पाण्यावर तेलाची साय धरू लागली, आणि निवटी तव्यावर टाकली की घरात रॉकेलचा वास सुटायचा. गावकरी साहेबाकडे गेले. साहेबाने पाणी तपासून घेतलं आणि पाणी उत्तम असल्याचं सांगितलं. साहेबाच्या घरचे मासे मात्र फोर्टकडून यायचे, हे त्याच्या बंगल्यावर भांडी घासणाऱ्या बाईनेच गावात सांगितलं.

अनंताची आई कृष्णाबाई गावची धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं: कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी ही बाई. भटजीला उशीर झाला तर लोक विडी ओढत थांबतात, धवलारणीला उशीर झाला तर होडी पाठवून आणतात. कृष्णाबाईला शेकड्यांनी धवले पाठ होते आणि सही करता येत नव्हती. हळदीला ती एक ओळ लावायची: ‘खाडीचे पान्याला हलदीचा रंग गो.’ अनंता ती ओळ अंगावर पीत असल्यापासून ऐकत आला होता.

विलेपार्ल्याचा विद्याधर या गोष्टीत आला तो बिघडलेला अॅम्प्लिफायर घेऊन. पार्ल्यातल्या दोन दुकानांनी हात वर केले म्हणून बस बदलत चेंबूरला आला. कॉलेजात शिकणारा, बाप वकील, गिटार खरीखुरी, इंग्रजी तर त्याहून खरं. अनंताने अॅम्प्लिफायर नीट करून दिला आणि तपासायच्या निमित्ताने असा वाजवला की विद्याधरने तिथेच ग्रुपचा प्रस्ताव मांडला. ड्रमवर घाटकोपरचा चंद्रप्रकाश. त्याचा काका काशीराम याच्या म्हशी आरे कॉलनीतल्या एका युनिटात बांधलेल्या. तालमीला जागा मिळाली ती तिथेच, गोठ्यामागे, कारण बाकी सगळ्या ठिकाणी माणसं राहत होती.

ग्रुपचं नाव ठेवताना विद्याधरने अनंताला विचारलं, तुमच्या खाडीत खास असं काय असतं? अनंता म्हणाला, निवटी, चिखलात उड्या मारतात. विद्याधरने डिक्शनरी उघडली आणि ‘द मडस्किपर्स’ हे नाव निघालं. पार्ल्यात ते भारी वाटलं. माहुलमध्ये कृष्णाबाईला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली की दुसऱ्याच्या तव्यावर जायचं नाव कशाला घेतलंत.

तीन वर्षं मडस्किपर्सनी उपनगरं पालथी घातली. अंधेरीचे जिमखाने, मुलुंडची कॉलनी, बोरिवलीतला एक साखरपुड्याचा मांडव, जिथे नवऱ्या मुलीच्या आजोबांनी वायर उपटली. केस खांद्यापर्यंत, पँटीचे पायचे झाडूसारखे. गाणी विद्याधरची, इंग्रजीत. त्यात पानगळ होती, बर्फ होता, जाणारी आगगाडी होती आणि एमिली नावाची कुणी मुलगी होती, जी विद्याधरला पार्ले टिळक रस्त्यावर कुठे भेटली होती ते देव जाणे. अनंता ही गाणी पोपटासारखी गायचा. उच्चार चुकला की विद्याधर तालीम थांबवून दुरुस्त करायचा. अनंताचं डोकं तापायचं. एकदा तो म्हणाला, “विद्या, बर्फ मी बघितलाय तो फक्त मासळीवर. त्यावर गाणं करू का?”

विद्याधर हसला. अनंता हसला नाही. त्या आठवड्यात त्याने खरंच गाणं केलं. बर्फावर नाही, खाडीवर. आईची हळदीची ओळ घेतली, तिच्यातली हळद काढली आणि तेल टाकलं:

खाडीचे पान्याला तेलाचा रंग गो,
मावरा गेला नि वास रायला संग गो.

पुढे पाच कडवी, सगळी त्याची. भिंत, पाणी तपासणारा साहेब, त्याच्या बंगल्यावर जाणारी फोर्टची पाटी, कोरडं जाळं झाडणारा बाप. चाल आईची, पण लय अशी बदललेली की खाली चंद्रप्रकाशचा ड्रम घणासारखा पडायचा आणि मध्ये गिटार चिरकून ओरडायची. गोठ्यामागे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा काशीरामच्या म्हशींनी दाव्याला हिसके दिले. काशीराम बाहेर येऊन म्हणाला, ये वाला अच्छा है, वो बर्फ वाला मत बजाया करो, दूध कम होता है.

एकोणसत्तर साली पार्ल्याच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. तिथे अनंताने विद्याधरला न सांगता एमिलीच्या जागी खाडी सुरू केली. पहिलं कडवं संपेपर्यंत पुढच्या रांगा एकमेकींकडे बघत होत्या. धोतर नेसलेल्या परीक्षकांना वाटलं कुणीतरी चुकून आत आलंय. मग मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या आणि शेवटच्या कडव्याला पोरं बाकांवर उभी. परीक्षकांनी निकालात म्हटलं की लोकसंगीताचा एक धीट प्रयोग, आणि उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पहिलं बक्षीस ज्यांना मिळालं त्यांच्या गाण्यातही बर्फ होता.

त्या गर्दीत नादलहरी रेकॉर्ड कंपनीचा श्यामसुंदर बसला होता. सफारी, तोंडात पान, बोलणं साखरेत घोळलेलं. त्याने अनंताला मिठी मारली आणि आठ दिवसांत अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं. ध्वनिमुद्रण झालं, एका दमात. श्यामसुंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. पान जाफरानी असावं.

मग त्याने एक छापील फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, चाल कुणाची?

आता नीट लक्ष द्या, कारण अनंता तांडेलची सगळी वाट इथे लागली. शहरातला कुठलाही शहाणा गवई म्हणाला असता, माझी. अनंताने छाती फुगवून सांगितलं, “आयची.” माहुलमध्ये हे असंच सांगायचं असतं. आई जिवंत असताना, तिच्या तोंडची ओळ उचलून, चाल माझी म्हणणारा कोळीवाड्यात चोर ठरतो. श्यामसुंदरने विचारलं, आईला कुणी शिकवली? तिच्या सासूनं. आणि सासूला? अनंता म्हणाला, ते आयला माहीत. श्यामसुंदरने हुश्श केलं आणि फॉर्मवर एकच शब्द लिहिला. अनंताने वाचायची तसदी घेतली नाही. आईचं नाव लिहिलं असेल, असं त्या येड्याने धरलं.

सत्तर सालचे गणपती. घाटकोपरला चंद्रप्रकाशच्या गल्लीतल्या मंडपात लाउडस्पीकरवर गाणं लागलं आणि अनंता रस्त्यात थांबला. चाल ओळखीची. बाकी काही नाही. ड्रमच्या जागी ढोलकी, गिटारच्या जागी सनई, गाणारी बाई गोड, इतकी गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. आणि शब्द:

खाडीच्या पाण्याला चांदीचा रंग गं,
नाखवा माझा गं माझ्याच संग गं.

तेल गेलं, भिंत गेली, साहेब गेला. सगळे कोळी आनंदात. अनंताने कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रेकॉर्ड हातात घेतली. कव्हरवर गुळगुळीत दाढीचा, गोरापान कोळी वल्हं खांद्यावर घेऊन हसत होता. वल्हं उलटं धरलं होतं. मागे गायिकेचं नाव, वाद्यवृंद जमवणाऱ्याचं नाव, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा नाव. गीत आणि संगीत यांच्यापुढे लिहिलं होतं: पारंपरिक. म्हणजे कुणाचंच नाही. आकाशातून पडलेलं, परंपरेच्या अंगणात सापडलेलं, ज्याने उचललं त्याचं.

दुसऱ्या दिवशी अनंता अंधेरीच्या ऑफिसात पोचला तो आरडाओरडा करतच. शिपायाने अडवलं तर शिपायाला ढकललं. श्यामसुंदर जागचा हलला नाही. त्याने फॉर्म काढून दाखवला आणि शांतपणे समजावलं की हे तर तुम्हीच सांगितलंत, तांडेल. आणि शब्दांचं म्हणाल तर लोकगीतात सुधारणा होतच असतात, शिवाय तेलाबिलाचं गाणं सणासुदीला कोण वाजवणार? लोकांना हसरे कोळी आवडतात.

अनंताला मारामारी करायची होती. विद्याधर बरोबर होता, त्याने आवरला आणि बापाच्या ऑफिसात चार वर्षं ऐकलेल्या वकिलीतून एक मुद्दा काढला. चाल अनंताच्या आईची आहे, आई हयात आहे, ती स्वतः येऊन सांगेल. मग पारंपरिक कसं? श्यामसुंदर म्हणाला, आणा आईंना. त्यांनी वकिलासमोर सांगितलं की चाल माझी आहे आणि मी मुलाला दिली, तर पुढच्या छपाईत नाव घालू आणि मूळ शब्दांची रेकॉर्डही काढू. एवढं सोपं आहे.

घरी येऊन अनंताने आईला सगळं समजावलं. तुला फक्त एक वाक्य बोलायचंय, आये. चाल माजी. तेवढं बोललीस की माझं नाव गाण्यावर लागतं. कृष्णाबाईने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. अनंताला ते ‘हो’ वाटलं.

ऑफिसात कृष्णाबाई आली ती जरीकाठी लुगडं आणि सगळे दागिने घालून, जणू कुणाच्या लग्नाला. वकिलाने खुर्ची दिली, ती खुर्चीवर मांडी घालून बसली. वकिलाने अदबीने विचारलं की आजी, ही चाल कुणी केली?

“सासूनं शिकवली,” ती म्हणाली.

“पण म्हणजे आता ती तुमचीच ना?”

“माजी कशी? तिला वरलीचे आत्येनं शिकवली. आत्येला कोनी, ते ती मेली तवा मी पालन्यान होते.”

अनंताने दात-ओठ खात तिच्याकडे बघितलं. विद्याधरने हळूच सांगितलं की आई, फक्त माझी आहे म्हणा. श्यामसुंदर पान चघळत खिडकीबाहेर बघत होता. त्याला बहुतेक ठाऊक होतं काय होणार ते; हा माणूस फॉर्म भरण्यात उगाच म्हातारा झाला नव्हता. कृष्णाबाईने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वकिलाला, तान्ह्या पोराला समजावतात तसं समजावलं की धवला माझा आहे असं धवलारीण एकदा म्हणाली, की तिने आजवर लावलेल्या सगळ्या लग्नांचं वाटोळं होतं. दोनशे घरं मोडायची, एका तबकडीसाठी? वकिलाने लिहून घेतलं: परंपरेने चालत आलेली चाल. कृष्णाबाईने खाली अंगठा दिला आणि अंगठा पुसायला कागद मागितला.

परतीच्या बसमध्ये अनंता तिच्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसला. घाटकोपर गेलं, चेंबूर आलं. नाक्यावर उतरताना तो फुटला. लोकांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने त्याने आईला विचारलं की कंपनीने लुटलं ते लुटलं, तू का लुटलंस?

“वकिलानं चाल इचारली,” कृष्णाबाई म्हणाली. “त्यान तेल कोनी टाकला, ते कोन इचारला? तूसुद्धा नाय.”

अनंताला ते तेव्हा कळलं नाही. संतापलेल्या माणसाला आईचं कळत नाही, वकिलाचं कळतं. त्याने दोन महिने अबोला धरला आणि आपलं नाव घालवल्याबद्दल सगळ्या जगाला शिव्या घातल्या, ज्यात जगाला काही फरक पडला नाही.

मडस्किपर्सही तेवढ्यातच चिखलात गेले. विद्याधर परदेशी शिकायला गेला. तिथे त्याला बर्फ आणि पानगळ दोन्ही मिळाली असतील, एमिलीचं ठाऊक नाही. जाताना गिटार अनंताला देऊन गेला आणि रडला, हे खरं. चंद्रप्रकाश म्हशींच्या धंद्यात बसला. अनंता उरला. तो पुन्हा रेडिओ दुरुस्त करू लागला, आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओतून आठवड्यात दोनदा ते चांदीचं गाणं ऐकू लागला. कंपनीच्या वार्षिक समारंभात, म्हणजे तेलाच्या कंपनीच्या, साहेबांच्या बायका कोळिणी बनून त्याच गाण्यावर नाचल्या. भिंतीपलीकडून ते गावात ऐकू आलं. कुठल्याही लेखकाने असलं रचलं असतं तर लोक म्हणाले असते, फार झालं.

बाहत्तर साली त्याचं वेसाव्याच्या मथुराशी लग्न झालं. मथुरा अंधेरीच्या बाजारात मासळी विकून तयार झालेली. तिच्याशी भाव करताना पोलिसांच्या बायकाही सांभाळून बोलायच्या. लग्नानंतर चारच दिवसांत तिने नवऱ्याची सगळी कर्मकहाणी ऐकली आणि विचारलं, “म्हंजे तुला नाव पायजे, एवढंच ना? आमी बायका दर हलदीला नवऱ्याचा नाव घेतो, फुकट. रेकॉर्ड कशाला पायजे?”

आणि तिने उखाणा रचला. त्याच चालीवर, त्याच गाण्याला जोडून, शेवटच्या कडव्यानंतर:

चिमनीची आग जलं दिसं नि राती गो,
अनंताचा नाव घेतंय, गाना त्याचे हाती गो.

त्र्याहत्तरच्या एका हळदीला माहुलमध्ये मथुराने हे पहिल्यांदा म्हटलं, मागे अनंताची गिटार, कर्ण्यातून खरखरत. बायका अशा उठल्या की मांडवाचा एक वासा कलला. गाणं तेलाचं, चांदीचं नव्हे. भिंत, साहेब, फोर्टची पाटी, सगळं जसंच्या तसं. पुढची दोन वर्षं ते हळदी-हळदीतून फिरलं. माहेरवाशिणी घेऊन गेल्या, सासुरवाशिणींनी उचललं. तुर्भे, वेसावा, मढ, गोराई. ज्या गावांत अनंताने पाय ठेवला नव्हता तिथे बायका त्याचं नाव गात होत्या. मंडपात कंपनीची रेकॉर्ड लावली की म्हाताऱ्या ओरडून बंद करायला लावायच्या, हे खोटं गाणं आहे म्हणून. अनंता रस्त्याने चालायचा तो आता एक वीत उंच. मिशी ठेवली.

पण नाव कुठे घालावं याचा विचार मथुराने केला होता; कुणाच्या तोंडात ते जाईल याचा विचार दोघांनीही केला नव्हता. उखाण्यात बाई कुणाचं नाव घेते? आपल्या नवऱ्याचं. आणि इथे मढपासून माहुलपर्यंत कोळ्यांच्या बायका, नवरा समोर उभा असताना, लाजत-मुरडत, माहुलच्या अनंता तांडेलचं नाव घेत होत्या.

पहिला भडकला बळवंत. बळवंत हा मथुराच्या थोरल्या बहिणीचा, सुगंधाचा नवरा, वेसाव्याचा, अनंताचा सख्खा साडू. भर हळदीत बायकोने अनंताचं नाव घेतलं आणि त्याचे दोस्त फिदीफिदी हसले. बळवंत तडक माहुलला आला आणि जमातीपुढे, म्हणजे गावच्या पंचांपुढे, फिर्याद मांडली. त्याच्या मागोमाग गोराईचे दोघे, मढचा एक. सगळे नवरे, सगळे लाल. अनंताने उभं राहून सांगितलं की ते नवऱ्याचं नाव नाही, गाणं करणाऱ्याचं आहे. बळवंत म्हणाला, “मंग लोकांचे बायकांचे तोंडी कशाला? भिंतीवर लिव.” पंचांपैकी दोघांना हे फार पटलं.

निकाल लागला. पंचांनी तो अगदी न्यायाने दिला, म्हणजे कुणालाच दुखावलं नाही, एक सोडून. गाणं गावं, शब्द तेच ठेवावेत, पण ज्या बाईने गावं तिने नाव घ्यावं ते आपल्याच घरच्या माणसाचं. झालं. पुढच्या लगीनसराईत सगळा किनारा कवी झाला. ‘बलवंताचा नाव घेतंय, गाना त्याचे हाती गो.’ ज्या बळवंताला शिट्टी धड वाजवता येत नव्हती, त्याने गाणं केलं. मढच्या काशिनाथने केलं, गोराईच्या लक्ष्मणने केलं. मथुरा एकटी अनंताचं नाव घ्यायची, पण ते तर तिला घ्यावंच लागलं असतं. त्यात आता मान कसला?

कंपनीने एका शब्दात नाव पुसलं होतं. आपल्या माणसांनी शंभर नावं लिहून पुसलं. अनंता म्हणाला, श्यामसुंदर बरा, त्याने निदान पान तरी खिलवलं होतं. त्याने गिटार गुंडाळून माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं की या गाण्याला पुन्हा हात लावणार नाही. मधे आणीबाणी आली. गावच्या चार पोरांना भिंतीवर काहीबाही रंगवल्याबद्दल उचललं तेव्हा हा बिचारा ठाण्यावर चहा पोचवत बसला. गाणं मात्र वाजवलं नाही. शहात्तरला भिकाजी तांडेल गेला. त्याच्या दशक्रियेलाही कुणीतरी हळूच गाण्याचा विषय काढला, तर अनंता उठून गेला.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात बळवंताच्या मुलीचं लग्न ठरलं. धवलारीण म्हणून कृष्णाबाईला वेसाव्याला बोलावलं. आणि गिटारशिवाय हळद म्हणजे आता लोकांना अळणी वाटू लागली होती, तेव्हा सुगंधाने बहिणीमार्फत निरोप धाडला की भावजींना आणच. अनंता म्हणाला, बळवंताला सांग, गाणं त्याने केलंय, वाजवायलाही त्यानेच बसावं. मथुराने माळ्यावरून गिटार काढून टेम्पोत टाकली आणि शेजारी जागा ठेवली.

मांडवात तो बसला खरा, पण रागाने, मान खाली घालून, उपकार केल्यासारखा वाजवत. हळद लागली. कृष्णाबाईने धवले म्हटले, तिचे नव्हेत, कुणाचेच नव्हेत. मग बायकांनी गोल धरला आणि गाणं सुरू केलं. कडवी एकामागून एक. त्यानंतर उखाण्याची पाळी फिरू लागली, एकेक बाई पुढे, एकेक नाव. सुगंधा आली, बलवंताचा नाव घेतंय, आणि बळवंताने दोस्तांकडे बघत छाती काढली. त्याच्या मागे आणखी आठ-दहा कवी झाले. अनंता बोटं चालवत होता, ऐकत नव्हता.

गोल फिरत फिरत पाळी कृष्णाबाईवर आली आणि बायकांनी तिला सोडून पुढे जायला पाऊल टाकलं. नवरा गेलेली बाई, ती कुणाचं नाव घेणार. कृष्णाबाईने पुढचीचा हात धरून ठेवला.

“थांब गो,” ती म्हणाली. “पंच काय बोलले? आपल्या घरच्या मानसाचा नाव.”

लग्नाला आलेल्या माहुलच्या पंचांपैकी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मान डोलावली, कारण निकालाच्या दिवशी तो स्वतः हजर होता.

“माजे घरान एकच मानूस रायलाय,” ती म्हणाली. आणि तिने सुरू केलं, भसाड्या, फुटक्या, सत्तर वर्षांच्या आवाजात, शब्द स्पष्ट तोडत:

चिमनीची आग जलं दिसं नि राती गो,
अनंताचा नाव घेतंय, गाना त्याचे हाती गो.

बळवंताने पंचांकडे पाहिलं. पंच निकालातलं वाक्य मनात पुन्हा पुन्हा उलटंपालटं करत होते आणि त्यांना कुठे पाचर मारायला फट सापडत नव्हती. मागच्या बाजूला एका म्हातारीने दबक्या आवाजात विचारलं, कृष्णे, धवलारीण ना तू, गाणं कुणाचं म्हणू नये ना? कृष्णाबाईने मागे न बघता सांगितलं की धवला कुणाचा नसतो, हे गाणं आहे, आणि मी ते याला करताना बघितलंय.

अनंताची बोटं थांबली होती. गिटार नुसती गुणगुणत होती, वायरमधल्या खरखरीवर. त्याने वर बघितलं तर आई त्याच्याकडेच बघत होती, तेच जरीकाठी लुगडं, हळदीने माखलेले हात कमरेवर.

“काय बघतंस?” कृष्णाबाई म्हणाली. “ताल सोडलास. मागले ओलीपासून घे.”